आपल्यात गरजू कोण?

परप्रांतातील आमच्या महाराष्ट्र मंडळांच्या वार्षिक सभांत एक गोष्ट ठराविकपणे घडते. एखादा सभासद भीत भीत उठतो आणि सुचवितो, की मंडळाने अडचणीत सापडलेल्या कुटुंबांसाठी काही कायमची व्यवस्था करावी. त्यावर व्यासपीठावरून हसतमुखाने उत्तर येते, "आपल्यात गरजू कोण?" सभेला हे उत्तर आवडते, कारण त्यात प्रत्येकाच्या सुस्थितीची पावती असते. मग पुढचा विषय पुकारला जातो, आणि गणेशोत्सवातील नाटकासाठी मंडळी पुण्याहून आणावी की मुंबईहून, यावर दीड तास खल होतो. प्रस्तुत लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे. हे शब्द खोटे आहेत, आणि ते खोटे आहेत हे पाहण्याची सवड ते उच्चारणाऱ्यांस नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आम्ही उत्सवाचे वैरी आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. परमुलखात वर्षातून दहा दिवस आपल्या भाषेतील आरती कानांवर पडावी, मुलांनी नाट्यछटा म्हणाव्यात, पुरणपोळीचा वास जिन्यापर्यंत यावा, यात वावगे काहीच नाही. परंतु वर्षाकाठी लाखो रुपयांची वर्गणी गोळा करणाऱ्या संस्थेस आपल्याच वस्तीत कोणत्या घरी चूल थंडावली आहे हे ठाऊक नसेल, तर तिला उत्सव-समिती म्हणावे. 'समाज' आणि 'मंडळ' ही भारदस्त नावे तिने धारण करू नयेत.

प्रथम 'आपल्यात' या शब्दाचाच विचार करू. मंडळाच्या सभासदयादीवर नजर टाकली, तर लेखा खाते, आयकर, रेल्वे, टपाल, बँका, संरक्षण खात्याच्या आस्थापना आणि अलीकडे संगणक कंपन्या यांतील मंडळी आढळतात. त्या यादीपुरते पाहिले, तर सभेतील ते उत्तर वरवर तरी खरे भासेल. पण त्याच शहराच्या सराफ बाजारात जाऊन पाहावे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेले गलाईवाले हिंदुस्थानातील बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत आहेत. जुने दागिने आणि सराफाच्या दुकानातील झाडलोट वितळवून त्यांतून शुद्ध सोने-चांदी काढणे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांतील काहींनी पेढ्या उभारल्या, ही अभिमानाची गोष्ट होय. पण पेढीवाल्याच्या मागे भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ सोसत अंधाऱ्या खोलीत उभा असलेला गावाकडचा मुलगाही मराठीच आहे. रुग्णालयातील मराठी परिचारिका, ठेकेदाराकडे राबणारा जोडारी, उपाहारगृहातील आचारी, मालमोटारीचा चालक, हेही मराठीच. त्यांचा गणपती निराळा बसतो, आणि आमच्या मंडळाच्या यादीत त्यांचे नाव नसते. ज्यांस आपण यादीतच घेतले नाही त्यांची गरज आपणांस दिसत नाही, आणि मग गरजूच नाहीत असा निष्कर्ष आपण काढतो. हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाने पहिल्या पानावरच नामंजूर केला असता.

बरे, गलाईवाल्यांस क्षणभर बाजूस ठेवू. यादीतल्यांचीच गोष्ट घेऊ. सरकारी नोकराचे कुटुंब सुरक्षित असते, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळली आहे. १९६४ साली केंद्र सरकारने कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली, आणि तिने असंख्य घरे तारली, हे निर्विवाद आहे. आजही नोकरीत असता मृत्यू आल्यास नियमानुसार कुटुंबास पहिली दहा वर्षे अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्म्याने आणि पुढे तीस टक्क्यांनी हे वेतन मिळू शकते. परंतु या एका ओळीच्या आधाराने निश्चिंत बसणाऱ्यांनी पुढील ओळीही वाचाव्यात. सामूहिक विमा योजनेत गट 'क' मधील कर्मचारी दरमहा ३० रुपये भरतो. १९९० साली ठरलेल्या दराने त्याच्या पश्चात कुटुंबास विम्याचे ३०,००० रुपये मिळतात. त्या साली या रकमेस काही वजन होते. आज अतिदक्षता विभागाच्या चार दिवसांत ती संपून जाते. अनुकंपा तत्त्वावरील नेमणूक थेट भरतीच्या पाच टक्के जागांपुरतीच मर्यादित आहे, आणि ती वारसाहक्काने मागता येत नाही, आकस्मिक संकटातून कुटुंब सावरावे एवढ्यासाठीच ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले आहे. सरकारी निवासस्थान मुदत संपताच सोडावे लागते, आणि मुदत संपण्याचा दिवस मुलाच्या शालान्त परीक्षेची वाट पाहत नाही.

२००४ नंतर नोकरीस लागलेल्या आम्हां मंडळींची आणखी एक अडचण आहे. नव्या निवृत्तिवेतन योजनेत असणाऱ्याने, आपणांस नोकरीत मृत्यू आल्यास कुटुंबास कोणत्या नियमांखाली लाभ मिळावा, याचा विकल्प २०२१ च्या नियमांप्रमाणे हयातीतच लिहून द्यावयाचा असतो. वाचकहो, आपण तो दिला आहे काय? दिला असल्यास त्याची प्रत कोणत्या कपाटात आहे, हे घरात दुसऱ्या कोणास ठाऊक आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर आपल्यात गरजू कोण, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस नाही. आपले घर त्या यादीपासून एका अपघाताच्या अंतरावर उभे आहे.

एक हकीकत सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. उत्तरेकडील एका शहरी आमची बदली झाली तेव्हा तेथील सहकाऱ्यांच्या तोंडून ती ऐकली. त्या शहराचे, कार्यालयाचे अथवा मंडळाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण असे कोठेही घडू शकते. एक मराठी लेखनिक चाळिशीच्या आत हृदयविकाराने गेला. अंत्ययात्रेस मंडळाचे सारे पदाधिकारी होते. शोकसभा झाली, भाषणे उत्तम झाली, तसबिरीस हार घातला गेला. तेराव्या दिवसानंतर त्या घराची पायरी कोणी चढले नाही. कार्यालयाने नियमाप्रमाणे कागदपत्रांची मागणी करणारे पत्र पाठविले. ते पत्र इंग्रजीत होते. विधवा बाईस मराठीत सातवीपर्यंतचे शिक्षण, आणि हिंदी बाजारहाटापुरती.

खरा घोळ नावाचा झाला. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. बाईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पतीच्या सेवापुस्तकात लग्नानंतर ठेवलेले नाव, बँकेच्या पुस्तकात स्वतःचे, पतीचे व आडनाव असे तीन शब्द, तर आधारपत्रावर दोनच. परप्रांतातील कारकुनास ही मराठी पद्धत कोठून ठाऊक असणार? त्याच्या दृष्टीने त्या चार निरनिराळ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी मृताची पत्नी कोणती हे त्यास समजेना. त्यात दोष त्याचा नव्हता. लग्नाची नोंद गावी झालेली. गावी जावे, तर लहान मुलास कोठे ठेवावे? प्रतिज्ञापत्र करावे लागते, हे बाईंना सहा महिन्यांनी कळले. निवृत्तिवेतन सुरू होण्यास चौदा महिने लागले, आणि तोपर्यंत त्या घरसामान विकून दिराच्या आश्रयास गावी निघून गेल्या होत्या. मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

हे चौदा महिन्यांचे काम मंडळातील कोणत्याही अनुभवी लेखनिकाने तीन रविवारांत मार्गी लावले असते. एक प्रतिज्ञापत्र, एक अर्ज, दोन स्मरणपत्रे आणि संबंधित अधिकाऱ्याची समक्ष भेट, एवढेच त्यास लागत होते. त्या मंडळात अशी विद्या अवगत असलेले किमान पन्नास सभासद होते. त्यांपैकी एकानेही बुद्धिपुरस्सर दुर्लक्ष केले, असे आमचे म्हणणे नाही. हे काम मंडळाचे आहे, असे तेथे कोणाच्या मनातच आले नाही. दुष्टपणावर उपाय असतो. जी गोष्ट कोणाचीच नाही तिच्यावर कोणी उपाय करावा?

आमचा मुख्य मुद्दा येथेच आहे. मदत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैसा उभा राहतो, पैसा म्हटला की वर्गणी उभी राहते, आणि वर्गणी म्हटली की मंडळी उठून जातात. वास्तविक आजच्या गरजू कुटुंबास रोख रकमेइतकीच, पुष्कळदा तिच्याहूनही अधिक, निकड असते ती एका जाणत्या माणसाची. त्याने शेजारी बसून कागद वाचावा, अर्ज भरावा आणि पोच घ्यावी.

योजनांचा आज दुष्काळ नाही. खाजगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असलेला मनुष्य नोकरीत असता वारला, तर ठेवीशी निगडित विम्याखाली कुटुंबास सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण तो भट्टीवरचा मुलगा त्या निधीचा सभासद आहे किंवा नाही, हे त्याच्या बापासही ठाऊक नसते. २०१५ पासून बँकांमार्फत चालणाऱ्या जीवनज्योती विम्यात वर्षास ४३६ रुपये खात्यातून परस्पर कापले जातात आणि मृत्यूनंतर दोन लाख रुपये देय होतात. कापलेले ४३६ पुस्तकात दिसतात, पण त्यांचा अर्थ घरी कोणी लावत नाही, आणि दोन लाख मागितलेच जात नाहीत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावता मनुष्य १८ ते ५९ या वयात वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेखाली २०,००० रुपयांची एकरकमी मदत आहे. गावच्या शिधापत्रिकेवर परराज्यातही धान्य मिळण्याची सोय २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. यांतील किती गोष्टी आपल्या वस्तीतील धुणेभांडी करणाऱ्या मराठी बाईस कोणी सांगितल्या आहेत?

याउलट, जे मिळत नाही तेही कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्रातील अनुसूचित जातीचा दाखला घेऊन परराज्यात गेलेल्या कुटुंबास त्या राज्याच्या सवलती आपोआप मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० सालच्या निर्णयाने ठरलेले आहे. तरीही दरवर्षी कोणी तरी बाप मुलाचा दाखला हाती धरून महाविद्यालयाच्या खिडकीवरून परत फिरतो, आणि तोवर दुसरीकडे अर्ज करण्याची मुदत टळून गेलेली असते. योग्य वेळी दिलेली नकाराची माहिती हीदेखील मदतच होय.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की आमचे मंडळ सांस्कृतिक आहे. समाजकार्य हा त्याचा प्रांत नव्हे. या विधानास उत्तर म्हणून आम्ही ज्यांचे नाव घेणार आहोत, त्यांची तसबीर प्रत्येक मंडळाच्या दिवाणखान्यात आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचा १८९३ च्या सुमारास हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या लोकमान्यांनी तीनच वर्षांनी, १८९६ च्या दुष्काळात, काय केले? सरकारच्या दुष्काळविषयक संहितेत रयतेस कोणते हक्क दिले आहेत हे 'केसरी'तून समजावून सांगितले, सार्वजनिक सभेचे लोक गावोगाव धाडले, आणि कायद्याने जे देऊ केले आहे ते शेतकऱ्याने निर्भयपणे मागावे, असा उपदेश केला. सरकारी नियमांचे मराठीत विवरण करून ते ज्याचे त्याच्या हाती पोहोचविणे, हे कार्य त्यांनी उत्सवाच्या बरोबरीने केले. आम्ही त्यांचा मंडप उचलला आणि संहिता तेथेच टाकून आलो.

ही परंपरा त्याहूनही जुनी आहे. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. त्याच दुष्काळात जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे पोरक्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे १८९६ साली महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे करून स्त्रियांस शिक्षण आणि परिचर्येचे काम दिले. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली, आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा व वाचनालये यांबरोबर गरिबांस कायद्याचा सल्ला देण्याचीही सोय केली. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ही सारी नावे आपण भाषणांत घेतो. ही माणसे ज्या संस्कृतीची, ती संस्कृती नाट्यगीतांच्या मैफलीत संपते, असे मानणे हा त्यांचा उपमर्द आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत, त्याचे गोडवे आपल्यातील वडीलधारी मंडळी गातात. रोज एका घरी एका मुलास पान वाढावयाचे, ही व्यवस्था खरोखरच साधी व सोयीची होती. परंतु ती जातीच्या उंबरठ्याबाहेर सहसा गेली नाही, हे आपण विसरतो. ज्याच्या पोटात भूक अधिक होती त्यास त्या पंक्तीत जागा नव्हती. शाहू छत्रपतींस कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढावी लागली, ती याच कारणाने. आज मंडळांनी काही व्यवस्था उभारली, आणि तीही सभासदयादीच्या उंबरठ्यावरच थांबली, तर आपण वारांचीच आवृत्ती काढली असे होईल. मदतीची अट एकच असावी: गरज. मराठी बोलणारा आपल्याकडे सहज येईल एवढेच. दाराशी आलेल्या शेजाऱ्याची भाषा विचारून त्यास परतविण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप: सरकार आहे, आम्ही कशाला? आम्ही सरकारचेच नोकर असल्यामुळे याचे उत्तर देण्यास अधिक पात्र आहोत. सरकार नियम करते आणि रक्कम मंजूर करते. पण मंजुरीपर्यंत अर्ज पोहोचविणे हे अर्जदाराचे काम ठरते, आणि दुःखाने खचलेला मनुष्य हे काम सर्वांत वाईट रीतीने करतो. आमच्या मेजावर येणाऱ्या अर्धवट अर्जांवर 'त्रुटींची पूर्तता करावी' असा शेरा मारून ते परत पाठविणे आम्हांस नियमाने भाग असते. तो शेरा मिळाल्यावर पलीकडे काय होते, हे आम्हांस कार्यालयात बसून दिसत नाही. रविवारी ते जाऊन पाहण्यास कोणता नियम आड येतो?

तिसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. मदत देऊ केल्यास लोकांचा स्वाभिमान दुखावेल, असे म्हणतात. दुखावतो खरा, पण कशाने, याचा शोध घ्यावा. गणेशोत्सवाच्या रंगमंचावर बोलावून, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पाकीट देऊन, छायाचित्र काढून, ते सर्व सभासदांच्या भ्रमणध्वनीवर धाडले म्हणजे स्वाभिमान दुखावतो. २०२० च्या टाळेबंदीत धान्याच्या पिशव्या वाटताना हे प्रकार आपण पुष्कळ पाहिले. पिशवी पाच किलोंची असे, आणि तिच्यामागे फलक पाच हातांचा. त्यातही संकट ओसरताच पिशव्या थांबल्या, आणि ज्यांच्या घरी संकट त्यानंतरच खरे सुरू झाले त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. मदत निमूटपणे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाकडून पोहोचली, तर ती टपालासारखी अंगवळणी पडते. पोस्टमनने पत्र दिले म्हणून कोणाची मान खाली गेली आहे काय?

चौथा आक्षेप, की लोक गैरफायदा घेतील. घेतील, शंभरात दोघे-तिघे घेतीलही. उत्सवाच्या महाप्रसादास वर्गणी न देता किती जण जेवून जातात, याची मोजदाद आपण कधी केली आहे काय? तेथे आपण उदार असतो, कारण तेथे आपणांस पुण्य हवे असते. विधवेच्या अर्जावर मात्र आपणांस तीन पुरावे हवे असतात.

हे सारे बोलणे हवेतील आहे, असे म्हणणाऱ्यांनी केरळाकडे पाहावे. कोझिकोड येथे १९९३ साली वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात काही डॉक्टरांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था काढली. लवकरच त्यांच्या ध्यानी आले, की कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या घरी औषधाबरोबर तांदूळही नसतो, मुलाची शाळा सुटलेली असते, आणि बायको एकटी पडलेली असते. तेव्हा मलप्पुरम आदी भागांत २००१ च्या सुमारास वस्तीवस्तीतील सामान्य लोकांनी आपापल्या केंद्रांचे जाळे विणले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी यांस थोडके शिक्षण देऊन स्वयंसेवक करण्यात आले. परिचर्या परिचारिका करतात. स्वयंसेवक घर शोधतो, बसून बोलतो, सरकारी मदतीचे अर्ज लिहितो, धान्य व वह्यापुस्तके पोहोचवितो. खर्च बव्हंशी लोकांच्या लहान लहान देणग्यांतून चालतो. २००८ साली केरळ सरकारने या कार्यास आपल्या धोरणात स्थान दिले, आणि पंचायती त्यात सामील झाल्या. म्हणजे शेजाऱ्यांनी सुरुवात केली, आणि सरकार मागाहून आले. त्या राज्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी बांधवांनी तेथील नौकाशर्यतींची छायाचित्रे पुष्कळ पाठविली. या केंद्रांचे वर्णन कोणी पाठविल्याचे आमच्या वाचनात नाही.

मग मंडळांनी नेमके करावे तरी काय? आमची मागणी माफक आहे. प्रत्येक मंडळाने पाच जणांची एक कुटुंब-साहाय्य समिती नेमावी. तीत किमान दोन स्त्रिया असाव्यात, कारण ज्या घरी पुरुष नाही तेथे पुरुषांनी वारंवार जाणे-येणे परमुलखात सोयीचे नसते, आणि बाई बाईजवळ जे बोलते ते समितीजवळ बोलत नाही. समितीने एक नोंदवही ठेवावी. तीत सभासदांबरोबर सराफ बाजार, कारखान्यांच्या चाळी आणि रुग्णालये यांतील मराठी घरांचीही नोंद असावी. आठवड्यातून एक दिवस दोन तास मंडळाच्या कार्यालयात एक मेज मांडावे आणि तेथे एका जाणत्या माणसाने केवळ अर्ज लिहून देण्यासाठी बसावे. निवृत्त लेखनिकांची आमच्याकडे वाण नाही, आणि सेवानिवृत्तीनंतर काय करावे या विवंचनेत असलेल्या माणसास याहून योग्य काम आम्हांस तरी सुचत नाही.

पैसाही लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. उत्सवाच्या वर्गणीचा दहावा हिस्सा प्रथम बाजूला काढून मग मंडपाचा ठेका द्यावा. या निधीतून पहिली मदत अर्जावाचून, अठ्ठेचाळीस तासांच्या आत मिळावी, कारण प्रेत गावी नेण्याचा खर्च, रुग्णालयाची थकलेली रक्कम आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे ही कार्यकारिणीच्या पुढील बैठकीची वाट पाहू शकत नाहीत. हिशेब चोख असावा. पण मदत घेणाऱ्यांची नावे वार्षिक अहवालात छापू नयेत. लेखापरीक्षकाने ती पाहावीत, एवढे पुरे. आणि ज्या घरी मृत्यू झाला त्या घराशी एक माणूस पूर्ण वर्षभर बांधलेला असावा. त्याचे काम तेराव्या दिवशी सुरू व्हावे, कारण इतरांचे त्या दिवशी संपते.

१९५८ साली दिल्लीत स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आपणां सर्वांस एका सूत्रात गुंफते, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या सूत्राचा उपयोग संमेलनांपुरताच का व्हावा? एका शहरातील कुटुंब गावी परतले, तर त्याचा प्रलंबित अर्ज तेथील मराठी माणसाने पाहावा. एका शहरातून बदलून आलेल्याची माहिती दुसऱ्या शहरी आधीच पोहोचावी. असा पत्रव्यवहार चालविण्यास नव्या संस्थेची गरज नाही. जी आहे तिने तो अंगावर घेतला पाहिजे.

आम्ही कारकून आहोत. कारकुनीची थट्टा मराठी साहित्याने पुष्कळ केली, आणि ती आम्ही हसून वाचली. पण फायलीत कोणता कागद कोठे अडकतो, कोणत्या शेऱ्यावर कोणते उत्तर चालते, कोणत्या खिडकीवर किती वाजता जावे, हे ज्ञान आज ज्याच्याजवळ आहे त्याच्या हाती एखाद्या घराची भाकरी आहे. या ज्ञानाचा उपयोग आपण आजवर स्वतःच्या भत्त्यांची देयके मंजूर करून घेण्यासाठी उत्तम रीतीने केला. ते ज्ञान आठवड्यातून दोन तास दुसऱ्यासाठी खर्च होण्यास हरकत नसावी.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे, की पुढील वार्षिक सभेची वाट पाहू नये. या आठवड्यात प्रथम स्वतःचे नामनिर्देशनपत्र आणि विकल्पपत्र शोधून ते घरच्या माणसांस दाखवावे. पत्नीचे नाव सर्व कागदांवर एकच आहे की नाही, हे तपासावे. मग आपल्या गावातील मंडळाच्या कार्यवाहास एक साधे पत्र लिहावे, आणि त्यात विचारावे: गेल्या तीन वर्षांत आपल्या वस्तीतील कोणकोणत्या मराठी घरांतील कमावता मनुष्य गेला, आणि ती कुटुंबे आज कोठे आहेत? कार्यवाहास उत्तर देता आले, तर आम्ही हा लेख आनंदाने मागे घेऊ. देता आले नाही, तर त्या घरांचा शोध लागेपर्यंत यंदाच्या वर्गणीची पावती कोरीच ठेवावी.